धुण्याच्या सोड्याचा डबा

लग्न होऊन गंगापूर रोडच्या त्या घरात येऊन मला जेमतेम महिना झाला होता. एकाहत्तर-बाहत्तर साल असेल. सासूबाई प्राथमिक शाळेत मास्तरीण. घरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांनी वळणदार अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली. चहा मात्र त्या स्वतःच करत, साखरेला मला हात लावू देत नसत. मला भयंकर राग यायचा. मी काय साखर खाऊन टाकणार होते?

घोटीला त्यांच्या नात्यात कोणी वारलं म्हणून त्या सकाळीच निघाल्या. मामंजींना मधुमेह, रोज इन्शुलिनची सुई. त्यांचं काय काय बघायचं ते एका कागदावर लिहून तो त्यांनी माझ्या हातात दिला. मामंजी पलीकडेच पेपर वाचत होते, म्हणून हळूच म्हणाल्या, “अवतरणात घातलंय ते डब्यावरचं नाव. तोच डबा काढायचा, बाकी डोकं चालवायचं नाही.” घ्या, मला आता पहिलीत बसवलं, असं मनात आलं.

सुई घेतल्यावर मामंजींनी ताटातली भाकरी-मेथी पाहिली आणि रुसून ताट सरकवलं. किती विनवलं, ऐकेनात. काही वेळाने त्यांना दरदरून घाम फुटला. हात कापायला लागले. मी हाका मारतेय आणि ते ओळख नसल्यासारखे बघतायत. नवरा ओझरला कारखान्यात. मी कागद उघडला.

घाम फुटून हात कापू लागले तर “धुण्याचा सोडा”, तीन चमचे, पाण्यातून, लगेच.

माझा आवाज ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या आणि कागद बघून ओरडल्या, “अगं, सोडा पाजतेस? आतडी जळतील त्यांची! साखर उतरलीय, साखर दे!” फळीवरचा “साखर” लिहिलेला डबा काढून त्या पांढरी पूड पाण्यात ढवळायलाही लागल्या. काकूंचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. मामंजींची मान कलली होती. पण सासूबाईंनी उगाच एक रेघ ओढलेली मी कधी पाहिली नव्हती. मी सोड्याचा डबा उघडला, डोळे मिटले आणि बोट बुडवून जिभेला लावलं.

पिठीसाखर होती.

“काकू, थांबा!” काकूंनी आपला पेला चाखला आणि थू थू करत ठेवून दिला. त्यात बारीक मीठ होतं. मामंजी चोरून साखरेचे बकाणे भरत म्हणून सासूबाईंनी केलेली ही व्यवस्था. कागद तेही वाचणार हे ओळखून त्यावर साखरेचं नावच काढलं नव्हतं.

मी ती साखर पाण्यात ढवळून घोटघोट पाजत राहिले. हळूहळू त्यांच्या नजरेत ओळख आली. माझ्या शेजारच्या डब्याकडे बघून ते पुटपुटले, “तिथं होती होय!” मला हसू आलं आणि लगेच रडू फुटलं.

संध्याकाळी सासूबाई परतल्या. सगळं ऐकून मटकन खाली बसल्या. मग उठून त्यांनी साखर दुसऱ्या डब्यात ओतली. या वेळी कागद लिहिला नाही. माझ्या कानाशी येऊन डब्याचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, “चहा टाक. आज तुझ्या हातचा घेते.”