सासूबाईंनी पाळण्याला कुंकू लावलं

मैत्रिणींनो, आजची गंमत आजच सांगते.

सकाळी औंधला यमाईचं दर्शन घेऊन आम्ही मुलीला घेऊन पार्कातल्या आकाशपाळण्यापाशी गेलो. सासूबाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "मी पिशव्यांपाशी बसते." मुलगी हटून बसली, "आजी आली न्हाई तर मीबी पाळण्यात बसणार न्हाई!"

शेवटी सासूबाई उठल्या. नव्या गाडीला लावतात तसं पाळण्याला देवीचं कुंकू लावलं, हात जोडले आणि बसल्या. मागच्या पाळण्यातल्या मुली ओरडल्या, "आवं आजी, आमच्याबी पाळण्याला लावा की!"

वर गेल्यावर त्या खळखळून हसल्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांचं असं हसणं पहिल्यांदा ऐकलं.

उतरल्यावर ह्यांना म्हणाल्या, "लय भारी हाय रं! आता पिशव्या तू धर, आमी परत बसतो."

तुमच्या घरी पिशव्यांपाशी कोण बसतं गं?