शुक्रवारचं रडणं

आमच्या गल्लीतले कापडाचे लूम शुक्रवारी बंद असतात, म्हणून माझं रडणंही शुक्रवारी ठेवलं होतं. इतर दिवशी त्या खडखडाटात बाई रडते की भांडते हे माइकला कळत नाही, असं आवाजवाला म्हणाला.

सिनेमा ठाण्याची एक मुलगी काढत होती. गोदामात माल अंगावर पडून एकुलता मुलगा जातो, त्याच्या आईचं काम मला. तिनं माझे लग्नांच्या हळदीतले व्हिडिओ मोबाइलवर पाहिले होते. त्यात मी मिशी रंगवून, धोतर नेसून झिंगलेल्या सासऱ्याचं सोंग करते. ते बघून तिला माझ्यात दुःखी आई दिसली! मी म्हटलं, "अगं, चष्म्याचा नंबर तपासून घे."

ती हसली नाही. "आजी, तुम्ही हसवता तेव्हा तुमचे डोळे हसत नाहीत," म्हणाली.

गुडघे दुखतात गं म्हणून, असं सांगणार होते. पण मला ते काम हवं होतं. चाळीस वर्षं माणसं मला बघूनच दात काढतात. दवाखान्यात केसपेपर काढायला उभी राहिले तरी पुढची बाई कोपर मारते, "काहीतरी बोल ना गो!" एकदा, एकदाच या लोकांनी माझं रडणं हसण्यावारी न नेता बघावं, एवढंच मनात होतं.

मयताच्या गर्दीला मुलीनं आमच्याच गल्लीतल्या बाया बसवल्या. ओळखीच्या आहेत, मला मोकळं वाटेल म्हणे. तिथंच बिघडलं. अंगणात पांढऱ्या कपड्याखाली माझा मुलगा म्हणून एक नट झोपला. मी दारातून धावत आले, छाती पिटली, हेल काढला, "कुठं गेलास रे माझ्या वाघा..." आणि मागून फिस्स! माझी धाकटी जाऊ. तिच्या मागोमाग सगळ्याच. मेलेल्याचंही पोट हलायला लागलं.

"काय झालं, मावशी?" मुलीनं विचारलं.

जाऊ डोळे पुसत म्हणाली, "काय करू गो, हिनं तोंड उघडला का मना मुसळच दिसतंय."

मुसळाचं सांगायलाच हवं. तरुणपणीची मी म्हणजे एक नगच होते. आमच्याकडे मयताला बाया हेल काढून रडतात, गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य त्या रडण्यात सांगतात. मी त्यांच्यात बसून पदराआडून पाठ करायची. कुणाचा श्वास कुठं तुटतो, कोण रडता रडता चहा आला का बघते, सगळं. मग पुढच्या हळदीत मुसळाला पांढरं कापड गुंडाळायचं, आडवं निजवायचं, आणि त्याच्यावर पडून, "गेलास रे धन्या, आता माझ्या तंबाखूला चुना कोण मळंल!" बाया लोळायच्या. ज्या शेजारच्या म्हातारीचं रडणं मी उचललं होतं, तीही पुढं बसून हसायची. तिचा मुलगा जाऊन वर्षही झालं नव्हतं. आणि मला वाटायचं, काय कलाकार आहोत आपण! तेव्हा कुणी माझ्या दोन कानफटात द्यायला हव्या होत्या. दिल्या नाहीत, उलट पुढच्या हळदीचं आमंत्रण दिलं.

नऊ वेळा धावले. बिचाऱ्या बाया ओठ चावून बसायच्या आणि माझ्या पहिल्या हेलाला फुटायच्या. पाठ भरून आली, डोळ्यांत घातलेल्या औषधानं डोळे चुरचुरायला लागले. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते तेव्हा मुलीचा मदतनीस हळूच म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी दुसरी बाई बघायची का?" म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही असं या लोकांना का वाटतं कोण जाणे.

मी मुलीला हाक मारली. म्हटलं, "बाई बदलू नको, बाया बदल. काल्हेरला गोदामात पॅकिंग करणाऱ्या आण. मला न ओळखणाऱ्या."

दुपारी शिफ्ट सुटल्यावर टेम्पोतून आठ-दहा जणी आल्या. यूपी, बिहारकडच्या. मी रडले. नवीन काही नाही, त्याच म्हातारीचं, हळदीत करायची तेच. माझ्याकडे दुसरं होतंच कुठं? कुणी हसलं नाही. शेजारच्या बाईनं मला खांद्याला धरलं, "बस करो अम्मा, बस." मुलीनं कट म्हटलं तरी तिनं सोडलं नाही. "आपका कौन गया था, अम्मा?"

"आदमी," मी म्हटलं. नवरा खरंच गेलेला, खोटं कशाला बोलू?

टेम्पो गेल्यावर जाऊ चहाची किटली घेऊन आली. "जमला का, बाय?"

"जमला. तुम्ही नव्हत्या ना."

ती पायरीवर बसली. किटली माझ्याकडे सरकवत म्हणाली, "दादा गेले तवा तू रडली नव्हतीस."

"न्हाय."

"आमी हसू म्हनून?"

मी चहा ओतत राहिले.

"मी पदर तोंडात कोंबून बसलेली गो. तू कवा सुरू करशील नि माझ्याच्यानं आवरनार न्हाय, याचा धाक."

इतकी वर्षं मी समजत होते, त्या दिवशी घरात सगळ्यांत जास्त रडली ती हीच. मनातल्या मनात तिचे उपकार मानत होते. मला हसूच आलं. मग तिलाही आलं.

तेवढ्यात मुलगी धावत आली. पाठीमागून एक शॉट राहिला होता, उजेड जायच्या आत घ्यायचा होता आणि बाया तर गेल्या होत्या. "मावशी बसतील का, एकट्याच? तोंड दिसणार नाही."

जावेनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बस."

ती माझ्या मागं बसली. मी पुन्हा सुरू केलं, या वेळी वाघ वगैरे काही नाही, नुसतं "अहो," म्हटलं. मागून आवाज आला नाही. ती रडत होती की पदर कोंबून बसली होती, मला माहीत नाही. वळून बघायला मानेत जोर उरला नव्हता.