दीपमालाचं इंजिन, केशरबाईंची कात्री

आमच्या केशरबाईंनी दिलेल्या तारखेला ब्लाउज शिवून दिलं, असं सांगणारी बाई बडनेऱ्यात मला अजून भेटायची आहे. "उद्या ये, बटनं लावाची राह्यली," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चौदा एप्रिलच्या आधी पांढऱ्या ब्लाउजांचा ढीग पडतो, तेव्हा तर त्या ओळखसुद्धा दाखवत नाहीत. तरी आम्ही दुसरीकडे जात नाही. कारण केशरबाई नक्षी कापत नाहीत. कापडावर मोर असेल तर त्याची मान शिवणीत जायची नाही. बाही आखूड होईल, पण मोर अख्खा राहील. मी त्यांची शेजारीण आणि सगळ्यांत जुनं कुरकुरणारं गिऱ्हाईक, म्हणून हे अधिकाराने सांगते.

त्यांचे यजमान देवमन रेल्वेत. मुलगी दीपमाला अमरावतीला चित्रकला शिकायची. तिची चित्रं म्हणजे आमच्या गल्लीला पडलेलं कोडं. कपाशीच्या पऱ्हाटीला बोंडांच्या जागी माणसांचे कान फुटलेले, संत्रं सोललं तर आत डोळा, चंद्राला कडी-कुलूप आणि विहिरीतून धूर सोडत वर येणारं इंजिन.

"हे काय होय व केशरबाई?" बाया विचारायच्या.

"मले बी समजत नाई," मशीन न थांबवता उत्तर यायचं, "पण हात साफ हाय माह्या पोरीचा."

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी दीपमालाने हे सगळं एकाच चित्रात आणलं आणि साडीएवढ्या लांब सुती कापडावर छापून घेतलं. अकोल्याहून तो गठ्ठा देवमन स्वतः खांद्यावर घेऊन आले. आणि प्रदर्शनाच्या तोंडावर लॉकडाऊन लागलं. प्रदर्शन गेलं ते गेलंच. वर नातेवाइकांचे फोन, "आता तरी पोरीले काही कामाचं शिकवा." असल्या नातेवाइकांना फोन जोडून देणाऱ्या कंपन्याच बंद करायला हव्यात. दीपमालाने ब्रश धुऊन ठेवून दिले. कापडाचं काय करू, असं आईने विचारलं, तर म्हणाली, "पोछा कर त्याचा." त्यानंतर वर्षभर तिने एक रेघ ओढली नाही. हे केशरबाईंना खात होतं, मला दिसत होतं.

दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत बाकी महाराष्ट्र उघडा असताना आमची अमरावती पुन्हा बंद झाली. केशरबाई तोवर अस्तराच्या कापडाचे मास्क शिवत होत्या. अस्तर संपलं, बाजार बंद. त्यांनी माळ्यावरून तो गठ्ठा खाली काढला.

दीपमाला मागच्या खोलीतून आली तेव्हा कात्री अर्ध्यावर पोचली होती.

"आई! काहून कापलं व?"

"तूच त म्हणली, पोछा कर."

"पोछा केला असता त चाललं असतं!" एवढं बोलून ती आत गेली, आणि तिने आईशी बोलणं टाकलं.

पोरीची मेहनत कापली म्हणून मीही तावातावाने भांडायला गेले. केशरबाईंनी शांतपणे तुकडे माझ्यापुढे मांडले. त्यांनी मास्क बेतला होता कटोरी ब्लाउजच्या वाटीच्या खाक्यावर, म्हणून तो नाकावरून घसरत नव्हता. (बडनेऱ्याच्या पुरुषांनी ते मास्क पुढे मोठ्या ऐटीत वापरले. माप मुळात कशाचं, हे आम्ही बायकांनी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.) एका तुकड्यावर अख्खा कान, एकावर अख्खा डोळा, एकावर अख्खं कुलूप. काहीही तुटलेलं नव्हतं. फक्त इंजिन एका मास्कात मावेना.

"याले दोन तोंडं लागतीन," म्हणून त्यांनी अर्ध्या-अर्ध्या इंजिनाची जोडी शिवली.

मास्क दुकानापुढे दोरीवर टांगले. आधी लोक हसले, मग नाव घेऊन मागू लागले. "मले कानवाला द्या." "डोळेवाला उरला काय?" दीपमाला मात्र मागच्या खोलीतून दुकानाकडे फिरकली नाही.

एप्रिलमध्ये लशीची रांग लागली. मोबाइलवरची नोंदणी आम्हाला जमेना, म्हणून दीपमाला बरोबर आली, पण दहा पावलं मागून, फुगलेली. रांग दिसली आणि ती थबकली. पुढे कान होते, डोळे होते, कुलपं होती. तिचं अख्खं चित्र उन्हात उभं होतं, हळूहळू सरकत होतं.

आमच्या गल्लीतले महादेवराव आणि त्यांची म्हातारी इंजिनाची जोडी लावून एकमेकांना चिकटून उभे होते. पोलीस ओरडला, "आजोबा, अंतर ठेवा!"

"साहेब, हे बाजूले गेली त माहं इंजिन तुटते!"

सगळी रांग हसली. मागची एक बाई म्हणाली, "म्या कानवाला घेतला. घरात कोणी आयकत नाई, निदान तोंडाले त कान हाय." मग तिनेच विचारलं, "पण असं काढते तरी कोण व?"

केशरबाईंना उत्तर ठाऊक होतं. त्यांनी मागे वळून पोरीकडे पाहिलं. पोरगी आता मान खाली घालते की काय?

"मी," दीपमाला म्हणाली. ती पुढे आली, महादेवरावांच्या जोडीपाशी थांबली, इंजिन नीट पाहिलं. "याचे डबे राह्यले काढाचे. आता काढतो."

केशरबाईंनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि रांगेच्या पार टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माही पोरगी हाय ते! दीपमाला!"

"ओ बाई, मास्क वर घ्या!" दारातून नर्स ओरडली.

"घेतो व माय," केशरबाई म्हणाल्या. "एक डाव पोरीचं नाव त तोंड उघडून घेऊ दे."