मास्तरांचा गेम

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या शिंपी मास्तरांचा कशावरच विश्वास नाही. कापडवाल्यावर नाही, इस्त्रीवर नाही, स्वतःच्या टेपवरही नाही. ती ताणली गेली नाही ना, हे दर सोमवारी लाकडी पट्टीला लावून बघतात. चाळीस वर्षं माझे कोट त्यांनीच शिवले.

पंधरा दिवसांपूर्वी गेले तर दुकानात माप घेणारं मशीन आणि टाय लावलेला विक्रेता. दुकान आता मास्तरांच्या भाच्याच्या नावावर आहे.

"गेम चेंजर आहे, सर!" विक्रेता भाच्याला सांगत होता. "नुसतं समोर उभं राहायचं, माप तयार."

मास्तरांनी मला बाजूला घेतलं. "बाई, तुम्ही इंग्रजी घेऊन बी.ए. ना? हा कोणाचा गेम करायला आलाय?"

"तसं नाही हो. धंद्याची रीतच पालटून टाकणारी वस्तू, असा अर्थ."

"म्हणजे माझाच गेम," मास्तर कात्रीवर हात ठेवून म्हणाले.

अर्थ काही चुकला नव्हता. भाचा लगेच म्हणालाच, "मामा, आता घरी आराम करा." सत्तरीच्या माणसाला कोणी आराम करा म्हणालं, की मी कान टवकारते.

मग विक्रेत्याने जुन्या गिऱ्हाइकांची मापं मशीनमध्ये भरायला मास्तरांची जाड वही मागितली. मास्तरांनी ती इतक्या मुकाट्याने दिली, की मला संशयच आला.

वहीत नाव एकाचंही नाही. 'खोकला'. 'भांडखोर नंबर दोन'. 'पोट आत घेतो'. मापांपुढे टिंबं, फुल्या, उलटे बाण.

"मामा, हे काय?"

"मापं. हा 'पोट आत घेतो' माप देताना श्वास रोखतो. त्याला दोन टिंबं सैल सोडायचं. मशीनला कळेल की."

त्याच गृहस्थांचा सदरा भाच्याने गेल्या महिन्यात स्वतः बेतला होता, तो बटणं तुटून परत आला होता. त्याने खुर्ची ओढली. "बसा मामा. वाचून दाखवा."

तेव्हापासून मास्तर वाचताहेत. रोज एक पान, त्यात अर्धा तास चष्मा पुसण्यात. वही चारशे पानांची. त्यांना याहून भराभर वाचता येत नाही, यावर माझा काडीचाही विश्वास नाही.

काल विचारलं, "मी कुठल्या नावाने आहे हो यात?"

"ते पान फाटलंय, बाई," म्हणाले, आणि वही मिटली.