चेन वाजतेय

"अगं, तुझी चेन वाजतेय. उतर खाली."

लेलेबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा. खडकीच्या चढावर मी सायकल रेटत होते. पॅकिंगच्या कामावर उशीर होईल म्हणून जीव वरखाली होत होता. मागून सायकलवर साठी उलटलेली, कानाला मफलर गुंडाळलेली बाई आली आणि तिने हुकूम सोडला. मी घाबरून उतरले. त्यांनी पायडल फिरवलं, चेनला बोट लावलं आणि "हं" म्हणाल्या. तेवढ्यात माझी धाप ओसरली होती.

बाई दारूगोळा कारखान्याच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या, आमच्याच गल्लीत राहायच्या. मी भंडाऱ्याकडची, आठवीत शाळा सुटलेली. इथे मला विचारणारं कुणी नव्हतं. रविवारच्या सायकल ग्रुपमध्ये मला ओढलं ते त्यांनीच. तिथे सगळे आयटीवाले, महागड्या सायकलींचे, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "मग? पायडल त्यांनाही मारावंच लागतं."

ग्रुपमध्ये बाई कायम सगळ्यांच्या मागे. हळू चालवायच्या म्हणून नव्हे, कुणी एकटं मागे राहू नये म्हणून. दमलेल्याला "दमलात का" असं त्यांनी कधी विचारलं नाही. "तुमची चेन वाजतेय," म्हणायच्या, नाहीतर "मागच्या चाकात हवा कमी दिसतेय." माणूस उतरायचा, आणि त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत बाई चाक दाबत बसायच्या. मी भोळी. दुकानात चेन दाखवायला पुन्हा पुन्हा जायचे. शेवटी सायकलवाला वैतागला, "ताई, काही झालेलं नाही चेनला. कोण सांगतं तुम्हाला?" त्या दिवशी खोलीवर आले तेव्हा कुठे मला उमगलं. इतकं जपून माझ्याशी कुणी खोटं बोललं नव्हतं.

मागच्या दिवाळीत बाईंना छातीचं दुखणं झालं. डॉक्टरांनी पुढे बेताने सायकल चालवायला हरकत नाही म्हटलं, पण मुलाने अट घातली. एकदा जरी गाडीत घालून घरी आणावं लागलं, तर सायकल विकणार. "पोटचा मुलगा आईला धमकी देतो," बाई म्हणाल्या, "तीही इंग्रजीत."

पौषात खडकवासल्याला जायचं ठरलं. पहाटे धुकं इतकं की पुढच्याचा लाल दिवा तेवढा दिसे. वारज्यापाशी ऊन चटकलं, सगळ्यांनी जॅकेटं काढून कमरेला बांधली. घटकाभरात आभाळ आलं, बोचरा वारा सुटला, मग बारीक पाऊस. भिजलेल्या जॅकेटात पुन्हा हात घालताना कुणात बोलायचंही त्राण नव्हतं. धरणाच्या अलीकडच्या चढावर मी मागे वळून पाहिलं, तर बाईंचा चेहरा राखेसारखा झालेला. ग्रुपचा म्होरक्या निखिल फोन काढून उभा राहिला.

"बाई, टेम्पो बोलावतो."

"मला काय झालंय? तू पुढे बघ." आणि पायडल मारतच राहिल्या. उतरल्या तर टेम्पो येणार, टेम्पो आला तर सायकल जाणार. मोठ्या माणसाला उलट बोलायची मला सवय नाही. मी सायकल हळू केली आणि त्यांच्या मागे गेले.

"बाई, तुमची चेन वाजतेय."

त्यांनी मान वळवली. चष्म्यावर पावसाचे थेंब होते.

"वाजतेय?"

"हो. उतरा, बघते मी."

बाई उतरल्या आणि कठड्यावर टेकल्या. मी पायडल फिरवलं, मग हवा पाहिली, मग ब्रेक. निखिलने फोन खिशात ठेवला.

"सावकाश बघ," बाई म्हणाल्या. "घाईतलं काम मला आवडत नाही."

तिथूनच आम्ही दोघी परत फिरलो. वाटेत त्यांची चेन बऱ्याचदा वाजली. दर वेळी त्या मुकाट्याने उतरल्या. घरी पोचल्या त्या सायकलवरूनच.

वैशाखात बाई झोपेतच गेल्या.

आता रविवारी सगळ्यांच्या मागे मी असते. आठवडाभर उभ्याने काम करून पाय आधीच भरून आलेले असतात. पुढे कुणी दमलेला दिसला की म्हणायचं ते म्हणते. पण चढावर मलाच धाप लागते, तेव्हा मागे कुणी नसतं. मग मी आपली आपणच उतरते, पायडल फिरवते, चेनला बोट लावते आणि "हं" म्हणते.