ढिल्या झालेल्या बांगड्या

माझ्या सासूबाई, गौरम्मा, कुणाला भीत नाहीत असं लातूरच्या आमच्या गल्लीत सगळे मानतात. मीही मानायचे. बाजारात कुणी दमदाटी करून जागा सोडायला सांगितली, तर त्या त्याच्याच बायकोच्या हाताचं माप विचारून त्याला पळवून लावतात. बांगड्यांचा धंदा आमच्या घरात त्यांच्या आजेसासूपासूनचा. मुरुडच्या बाजूच्या गावांत आम्ही आठवडी बाजार करतो. गोणपाटावर त्या बसतात आणि लग्न झाल्यापासून शेजारी मी. समोर बाई बसली की आत्या (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) तिचा हात हातात घेतात, जरा दाबतात आणि काही न विचारता डबा उघडतात. दोन-आठ मोठं माप, दोन-सहा मधलं, दोन-चार लहान. त्यांचं माप चुकलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

या बाईला मी पहिल्यांदा भ्यालेलं पाहिलं ते मागच्या वर्षी, दिवाळी झाल्यावर. धुणं धुताना त्यांच्या हातातली बांगडी आपणहून घसरून बादलीत पडली. काचेची बांगडी वाढते, म्हणजे फुटते, ते रोजचंच आहे. पण नीट भरलेली बांगडी हातातून निघत नाही, साबण लावून ओढली तरी डोळ्यांतून पाणी काढते. आत्यांनी ती पाण्यातून उचलली आणि पदराखाली लपवली. मी बघतेय हे त्यांना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात दोन-सहाच्या जागी दोन-चारच्या बांगड्या होत्या.

मला बसम्मा मावशी आठवल्या. आत्यांची थोरली बहीण, देवणीला दिलेली. मावशींना शौचातून रक्त जायचं. मूळव्याध आहे असं समजून त्यांनी एका जडीबुटीवाल्याची पूड वर्षभर खाल्ली आणि लाजेपोटी कुणाला सांगितलं नाही. आत्या सणावाराला बहिणीला बांगड्या भरायला जायच्या आणि दर खेपेला माप उतरलेलं असायचं. दोन-आठचं दोन-सहा झालं, मग दोन-चार. शेवटी शाळकरी पोरींच्या डब्यातल्या बांगड्या त्यांना बसल्या, तेव्हा कुठे दवाखान्यात नेलं. मूळव्याध नव्हतीच, आतड्याचा कॅन्सर होता, आणि फार उशीर झाला होता. मावशींना शेवटच्या बांगड्या आत्यांनीच भरल्या.

यातून माणसानं काय धडा घ्यावा? लवकर डॉक्टरला दाखवावं, हा. आमच्या आत्यांनी घेतला तो भलताच. ‘अक्का दवाखान्यात गेली अन् संपली’ एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

मी डोळा ठेवायला लागले. आत्या संडासात जाऊन बसल्या की निघायचं नाव घेत नव्हत्या. भाकरी टोचते म्हणून भाकरी सोडली होती, चहात खारी बुडवून दिवस काढत होत्या. पाण्याचं तर विचारूच नका. बाजाराच्या दिवशी आम्ही बांगडीवाल्या, भाजीवाल्या पहाटेपासून घोटभरही पाणी पीत नाही. भर बाजारात बाईमाणसानं जायचं कुठं? ही सवय इतकी जुनी, की पाणी न पिणं हा धंद्याचाच भाग वाटतो. आत्यांनी तर आता जेवणही सोडलं. पोटात काही गेलं नाही तर बाहेर काही पडणार नाही, आणि बाहेर पडलं नाही तर रक्त दिसणार नाही, असा त्यांचा हिशोब.

मग एका बाजारात त्या उठल्या आणि गोणपाटावर लाल डाग दिसला. समोर गिऱ्हाईक होतं. मी सरकून त्या डागावर बसले आणि बाजार उठेपर्यंत हलले नाही. बाईच्या हातात बांगडी चढवताना मी दोन फोडल्या.

घरी आल्यावर मी त्यांना न्हाणीच्या दाराशी गाठलं. “आत्या, कधीपासून रगत जातंय?”

“हळू बोल. आत रुद्रेश हाय.” रुद्रेश म्हणजे माझा नवरा, त्यांचा मुलगा.

“उद्या दवाखान्यात चला.”

“न्हाई. अक्काला डॉक्टरनं बघितलं, नाव घेतलं, अन् ती गेली. नाव घेतलं न्हाई तवर माणूस हाय.”

मी तोंडाळ आहे, गल्लीत कुणालाही विचारा. म्हटलं, “तुम्ही आला न्हाईत तर आत्ता ह्यांना सांगते, मग मामांना, मग वट्ट्यावर बसून सगळ्या गल्लीला.” मामा म्हणजे माझे सासरे.

त्या चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांची बोटं बर्फासारखी होती, नखं पांढरी. “मंजे, लई भ्या वाटायलंय गं,” त्या म्हणाल्या. मला रडू आलं, पण मी रडले नाही. आमच्या दोघींत कुणीतरी एकीनं घाबरायचं नव्हतं, आणि त्यांची पाळी आधी लागली होती.

दवाखान्यात डॉक्टर धम्मप्रिया म्हणून बाई होत्या. बाई डॉक्टर आहे हे कळल्यावरच आत्या पायरी चढल्या. तपासून डॉक्टर म्हणाल्या, “मूळव्याध तर दिसतेच आहे. पण मावशी, तुमची पन्नाशी उलटली, वजन उतरलंय आणि सख्ख्या बहिणीला कॅन्सर झाला होता. मूळव्याध दिसली म्हणजे आत दुसरं काही नाही असं मी धरून चालणार नाही. दुर्बीण घालून आतडं बघायचं.”

कॅन्सर हा शब्द आला आणि आत्यांचा चेहरा उतरला. घरी आल्यावर त्यांनी कपाटातली इरकल साडी काढून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाल्या, “ही तुला.” मी ती रागानं परत कपाटात कोंबली.

दुर्बिणीआधी पोट साफ करायचं औषध तांब्यावर तांब्या प्यावं लागतं. जिनं बाजाराच्या दिवशी थेंब घेतला नाही, तिनं त्या दुपारी वर्षभराचं पाणी भरून काढलं. मी हसले, त्याही जरा हसल्या. दुसऱ्या दिवशी आत नेताना त्यांनी गळ्यातलं इष्टलिंग (आम्ही लिंगायत, ते कधी उतरवत नाही) मुठीत धरलं आणि विचारलं, “हे काढावं लागतंय का?” डॉक्टर म्हणाल्या, “राहू द्या, अडचण नाही.” दार बंद झालं. मी बाहेरच्या बाकावर बसले. मावशींचं माप आठवायचं नाही असं ठरवून बसले आणि दुसरं काहीच आठवेना.

कॅन्सर नव्हता. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं, तेव्हा मी तिथल्या स्टुलावर बसले. मूळव्याधीचे कोंब होते, त्यांच्या मुळाशी डॉक्टरांनी रबरी कडी बसवली, म्हणजे ते वाळून गळून पडतात. वजन उतरलं होतं ते उपाशी राहून, आणि नखं पांढरी झाली होती ती रक्त जाऊन.

“भाकरी का सोडली? तीच खायची, सोबत भाजी, वरण,” डॉक्टर म्हणाल्या. “संडासात बसून कुंथायचं नाही, लागली की लगेच जायचं, दाबून ठेवायचं नाही. दिवसभर पाणी प्यायचं. नाहीतर हे परत येईल.”

“अन् बाजारात?” आत्यांनी विचारलं.

त्याचं औषध डॉक्टरांकडे नव्हतं.

ते आत्यांनी स्वतःच शोधलं. बाजाराला लागून उज्ज्वलाताईंची पिठाची गिरणी आहे, मागे घर आणि पक्का संडास. आत्या तिथं गेल्या आणि म्हणाल्या, “तुझ्या लेकीच्या लग्नाचा चुडा माझ्याकडून. बाजारादिशी आम्हा बायांना मागचं दार उघडं ठेव.” तेव्हापासून बांगडीवाल्या, भाजीवाल्या पाळीपाळीनं गिरणीमागे जातात. मी मात्र जात नव्हते. दोघी उठलो तर माल कोण बघणार?

लग्नसराईत मात्र गर्दीनं घात केला. आत्यांनी पुन्हा दाबून धरलं, पुन्हा पाणी टाळलं, आणि रक्त पुन्हा दिसलं. भीती पहिल्यासारखीच होती, मी त्यांच्या डोळ्यांत पाहिली. पण या वेळी त्या स्वयंपाकघरात आल्या आणि रुद्रेश, मामा सगळे ऐकत असताना मोठ्यानं म्हणाल्या, “मंजे, परत आलंय. उद्या डॉक्टरीणबाईकडं चल.” पुन्हा कडी बसली. आता बाजारात त्यांच्या मांडीशी पाण्याची बाटली असते.

नागपंचमीच्या आधी घरातल्या बाया नव्या बांगड्या भरतात. परवा आत्यांनी मला पुढ्यात बसवलं. माझं माप वर्षानुवर्षं दोन-सहा. त्यांनी माझा हात हातात घेतला, दाबला, आणि डबा उघडलाच नाही.

“माप उतरलंय तुझं,” त्या म्हणाल्या.

“श्रावणाचे उपास हायेत ना.”

“मंजे, कधीपासून?”

मी हात ओढून घ्यायला बघितलं. त्यांनी सोडला नाही. मी आतल्या दाराकडे बघितलं.

“आत्या, हळू बोला. आत रुद्रेश हायेत.”