रंगमास्तरांचा समुद्र

आमच्या वरच्या मजल्यावरचे रंगमास्तर दिव्याखाली कुठलाही रंग बघत नसत. साडी असो, भिंतीचा रंग असो, नाहीतर परीक्षानळीतलं पाणी, ते आधी वस्तू उचलून गॅलरीत न्यायचे आणि डोळे बारीक करून निकाल द्यायचे. "दिव्याखाली रंग खोटं बोलतो, अक्का." चाळीस वर्षं चादरींचं सूत रंगवलेला माणूस. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि दोन्हींत कुणाचं ऐकायचं नाही हा स्वभाव.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती भांडायला. पहिल्या मजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघराच्या छतातून पाणी ठिबकत होतं, आणि वाळलं की मागं पांढरं मीठ राहायचं. दार उघडलं, लुंगीतले मास्तर समोर, हात कोपरापर्यंत ओले. त्यांच्या मागे हॉलमध्ये समुद्र! आमच्या जुळे सोलापूर भागात, भर एप्रिलात! केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे, आणि मधोमध तळहाताएवढं मऊ प्रवाळ, बोटं पसरून डोलणारं. मी भांडण विसरून विचारलं, "मास्तर, सोलापुरात समुद्र?"

"का? सोलापूरला मनाई हाय का?" ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गळती काढून दिली.

त्या प्रवाळाला ते थोरली म्हणत. मुंबईच्या एका शौकिनाच्या टाकीत वाढलेला नखाएवढा तुकडा त्यांनी डब्यातून आणला होता, त्याला अकरा वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला, बायको जाऊन बराच काळ लोटलेला. थोरलीची बोटं मिटली की मास्तरांचं जेवण जायचं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी चार फुटी नवी टाकी घेतली, आणि तिथंच घोटाळा झाला. रंगखात्यातला नियम असा की लाल रंगानंतर पांढरं सूत घ्यायचं तर हौद घासूनपुसून आरसा करायचा. मास्तरांनी जुन्या टाकीतले सगळे दगड न्हाणीघरात नेले, नळाखाली धरले आणि तारेच्या ब्रशनं पांढरेशुभ्र केले. गाळणीचा स्पंज पिळून काढला. मला हौसेनं दाखवलं, "बगा की, कसे चकाचक!" वर नव्या घराच्या आनंदात माशांना दुप्पट खाऊ.

महिन्याभरात काचेवर तपकिरी बुळबुळीत थर चढला आणि थोरली मुठीसारखी आवळली. नायट्रेट तपासायच्या नळीत औषध टाकलं की पाणी गुलाबी होतं. जितकं गडद, तितकं नायट्रेट जास्त. त्या दिवशीचं पाणी लग्नातल्या शालूच्या रंगाचं होतं. मी शाळेत जन्मभर नायट्रोजनचं चक्र फळ्यावर काढलं, पण ते असं कुणाच्या हॉलमध्ये कोलमडलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "मास्तर, माशांची घाण पचवणारे जीव त्या दगडांत राहत होते. तुम्ही कामगारच नळाखाली धुऊन टाकलेत. ते मेले, त्यांचीच घाण झाली, आणि आता ती उपसायला कुणी नाही."

मास्तर खुर्चीतून उठले. "चूक माझी. मग उतरवणार बी मीच."

दुकानदारानं औषधाची बाटली सुचवली, एका दिवसात फरक म्हणाला. मुलानं फोनवर सांगितलं, "नाना, टाकून द्या ते. किती दिवस करणार?" मास्तरांनी दोघांना उडवून लावलं. "जादा चढलेला रंग एका पाण्यात निघतो का? सुताची लडी पुन्हा पुन्हा खळबळायची, पाणी नितळ येईस्तोवर." खाऊ निम्म्यावर आला. टाकीखालच्या कप्प्यात दिवा लावून नायट्रेट खाणारं शेवाळ वाढवलं. आठवड्यातून दोनदा थोडं पाणी काढायचं आणि तितकंच नवं, मोजून मीठ घातलेलं, ओतायचं. रोज सकाळी दहाला गॅलरीत नळी तपासायची आणि तेवढ्याच गडद गुलाबी रंगात सुताचा तुकडा रंगवून दोरीला बांधायचा. वहीत आकडा लिहा म्हटलं तर म्हणाले, "आकडा डोळ्याला दिसत न्हाई."

आणि पाणी? आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी येतं. सोसायटीच्या सभेत चेअरमन उभे राहून म्हणाले, "माणसांना प्यायला नाही, आणि हे माशांना आंघोळी घालतात. टाकी काढावी असा ठराव मांडतो." माना डोलल्या. मला संताप आला, पण माझ्याआधी मास्तर उठले.

"आरओतनं चांगलं पाणी टाकीत जातं. जे फेकायचं उरतं त्यात मी आंघोळ करतो. तीन महिने झाले. कपडे त्यातच, फरशी त्यातच. तुमच्यापेक्षा एक बादली जादा घेत असंन तर टाकी आत्ता फोडतो. तुमी रोज सकाळी पाइप लावून गाडी धुता, तिला काय जीव हाय का?"

ठराव तिथंच बारगळला. चेअरमननी गाडी धुणं मात्र सोडलं नाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी वरून हाक आली, "अक्का! या, या लवकर!" मी पोळी तव्यावर टाकून पळाले. थोरलीनं दोन बोटं सोडली होती. फक्त दोन. मास्तर टाकीसमोर फरशीवर मांडी घालून बसले होते आणि रडत होते. मीही रडले, त्यात लाजायचं काय? खाली पोळीचा कोळसा झाला.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मास्तर दवाखान्यात गेले. चार दिवस टाकी मी बघितली. चौथ्या दिवशी मी त्या सकाळचा सुताचा तुकडा दवाखान्यात नेला, त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. त्यांनी मान हलवली आणि खिडकीकडे बोट केलं. पुण्याहून आलेल्या मुलानं आणि मी खाट जराशी वळवली. उजेडात त्यांनी तो बराच वेळ निरखला. "अजून एक पाणी लागंल," म्हणाले. माझ्याशी त्यांचं तेवढंच शेवटचं बोलणं.

तेराव्यानंतर मुलगा घर आवरायला लागला. चांगला आहे पोरगा, पण टाकी विकणार होता. मी म्हटलं, माझ्या हॉलमध्ये जागा आहे. तयार झाला. दगड खाली न्यायच्या आधी त्यानं एक उचलला, नाक मुरडलं आणि न्हाणीघराकडे निघाला. "काकू, वास येतोय, जरा नळाखाली धरतो." मी अशी ओरडले की जिन्यातली माणसं थांबली. "हात लावू नकोस! ठेव तो पाण्यात!" एकेक दगड त्याच्याच खाऱ्या पाण्याच्या बादलीत बुडवून, तसाच शेवाळलेला, आम्ही खाली आणला. धुतला नाही. शेवटच्या बादलीत थोरली होती, ती मी कुणाच्या हातात दिली नाही.

आता दोरी माझ्या गॅलरीत आहे. अलीकडचे तुकडे इतके फिके आहेत की बिनरंगाचं सूत वाटावं. थोरली पूर्ण उघडते, मास्तरांच्या वेळेपेक्षा दोन बोटं जास्त.

काल दारात नोटीस लागली. विषय क्रमांक तीन, पहिल्या मजल्यावरील मत्स्यटाकी. सभा रविवारी सकाळी आहे. मी आरओच्या उरलेल्या पाण्यानं आंघोळ करूनच जाणार आहे.